चौलचे बंदर आणि अक्षीचा दगड

आम्ही दोघे गेली वीस-बावीस वर्षे संभाजीनगरच्या एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाकडे भाषाविज्ञान, दुसऱ्याकडे प्राचीन वाङ्मय. दोन्ही अभ्यासपत्रिकांत एक नाव हटकून येते, ते म्हणजे अक्षीचा शिलालेख. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२. एवढे फळ्यावर लिहिले, त्याखाली श्रवणबेळगोळ आणि दिवेआगरचा ताम्रपट लिहिला की आमचे कर्तव्य संपत असे. विद्यार्थी वहीत उतरवून घेत आणि एका गुणाच्या प्रश्नात तो आकडा आम्हांला परत करीत. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी सुखाचा होता.

तो मोडला एका विद्यार्थ्याने. मुलगा पैठणकडचा. त्याने विचारले, "सर, मराठी जर आपल्या गोदावरीकाठची, तर तिचा पहिला दगड समुद्राच्या काठी कसा?" वर्ग हसला. आम्ही 'पुढे पाहू' म्हणालो. प्राध्यापकाचे 'पुढे पाहू' म्हणजे काय, हे वाचकांस ठाऊक आहेच. पण प्रश्न खरा होता. मराठवाड्यातल्या माणसाला मराठीचे माहेर आपल्या अंगणात आहे असे उपजत वाटते. प्रतिष्ठान आपले, मुकुंदराजांची अंबेजोगाई आपली, चक्रधरांचा वावर आपल्या गावांतून. समुद्र मात्र आपला नव्हे. आमच्यापैकी एकाने तर तो वयाच्या विसाव्या वर्षी प्रथम पाहिला.

येथे एक कबुली द्यायला हवी. २००९ साली आम्ही विद्यार्थ्यांची सहल घेऊन अलिबागला गेलो होतो. तेथून नागावच्या किनाऱ्यावर जाताना बस अक्षी गावातूनच गेली. शिलालेख तेव्हा रस्त्याच्या कडेलाच, उघड्यावर उभा होता. बसमध्ये अंताक्षरी चालू होती आणि आम्ही दोघेही तीत हिरिरीने भाग घेत होतो. ज्या दगडावर आम्ही वर्षानुवर्षे गुण वाटले, त्याच्याजवळून आम्ही गाणी म्हणत गेलो.

म्हणून २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत दोघेच निघालो. नगर, पुणे, खोपोली, पेण, अलिबाग. वाटेतले नगर ही निजामशाहीची राजधानी आणि ज्या चौलला आम्ही निघालो होतो ते निजामशाहीचे बंदर, हे गाडीत बसल्यावर लक्षात आले. त्याच निजामशाहीच्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आमचे शहर. तेव्हा समुद्र आमचा नाही हा समज तसा अर्धामुर्धाच खरा.

प्रथम बंदराविषयी. अलिबागहून दक्षिणेला निघाले की अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांत एकमेकांना चिकटून बसलेली आहेत. चौल कोठे सुरू होते हे कळत नाही. बंदर कोठे होते हे तर मुळीच नाही. दाट सावली, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये अरुंद रस्ता. रामेश्वराचे देऊळ, त्याची पुष्करणी, टेकडीवरचा दत्त. पूर्वी येथे तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी होती असे गावात सांगतात. वर्षाच्या दिवसांशी जुळणारे असे आकडे लोकस्मृतीचे असतात. त्यांवर हिशेब करू नये, पण ते हसण्यावारीही नेऊ नयेत. मोठेपण गेल्यावर गाव ते आकड्यात सांभाळते.

मोठेपण खरेच होते. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तिकेत पैठणही आहे आणि या किनाऱ्यावरचे 'सेमुल्ल'ही. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये चेमुलचे रहिवासी आहेत. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांना चौलच्या उत्खननात सातवाहनकाळापासूनच्या वस्तीचे पुरावे मिळाले. सेमुल्ल, चेमुल, सैमूर, चेऊल, चौल. जो आला त्याने आपल्या जिभेप्रमाणे नाव वळवले. नावाच्या बाबतीत आमच्या शहराने फार चढउतार पाहिले असे आम्हांला वाटे. पण खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, संभाजीनगर ही आमची यादी चौलपुढे आखूड पडते.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा साक्षीदार अरब प्रवासी अल्-मसूदी. तो इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूरला आला. येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे तो लिहितो. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे. त्यांत येथेच जन्मलेली पुढची पिढीही आहे. स्थानिक राजा झंझ, म्हणजे शिलाहार. त्याच्यावर सत्ता 'बल्हरा'ची, म्हणजे राष्ट्रकूटांची. आमच्या वेरूळचे कैलास ज्यांनी कोरवले त्यांचीच. आणि मग मसूदी एक वाक्य लिहून जातो, जे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा तळटीपेत पडलेले असते. राजधानी मान्यखेटची भाषा वेगळी आणि सैमूर, सोपारा, ठाणे या बंदरांची वेगळी. या दुसरीला तो 'लारी' म्हणतो. ती लारी म्हणजे नेमकी कोणती बोली, तीत मराठीचा अंश किती, यावर पैजा लावण्याची आमची तयारी नाही. पण दरबारची भाषा एक आणि बंदरावरची दुसरी, हे समुद्रावरून आलेल्या परक्याला कानांनी कळले, ही गोष्ट लहान नाही.

या पार्श्वभूमीवर अक्षीचा दगड वाचावा. आम्ही तो वाचला. म्हणजे शं. गो. तुळपुळ्यांचे 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हातात धरून दगडाकडे पाहत राहिलो. अलीकडच्या वर्षांत त्याची नीट व्यवस्था लावली गेली आहे. दगड माणसाच्या उंचीहून कमी. वर सूर्यचंद्र, खाली गद्धेगाळ. हा भाग आम्ही वर्गात नेहमी भराभर उरकतो. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी इतकी उघड कोरली आहे की वर्गात तिचे वर्णन करताना सर्वांचीच नजर खाली जाते. परंतु ती चित्रात का आहे, हे दगडापुढे उभे राहिल्यावर उमगते. ज्याला अक्षर येत नाही, ज्याची भाषाच वेगळी आहे, त्यालाही ती कळावी म्हणून.

मजकूर तरी काय आहे? 'पश्चिम समुद्राधिपती' आणि 'कोकण चक्रवर्ती' अशी बिरुदे मिरवणारा केशिदेव राजा, त्याचा महाप्रधान भइर्जु सेणुई, देवीच्या बोडणासाठी धान्याची नेमणूक, आणि शेवटी महालक्ष्मीची आण. बिरुदे संस्कृत, पण लिहिणाऱ्याने ती आपल्या उच्चाराने लिहिली आहेत. 'पश्चिम' तेथे 'पसीम' होऊन उतरतो. आणि आण घालायची वेळ येते तेव्हा भाषा सरळ घरातली होते. शकाच्या आकड्यावर वाद आहे. लेख पहिल्या केशिदेवाचा नसून दुसऱ्याचा, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे अलीकडचा, असे मत आहे. तसे असेल तर 'पहिला' हा मान जातो आणि आमच्या नोट्सही जातात. पण विद्यार्थ्याचा प्रश्न जात नाही. कारण १०६० चा दिवेआगरचा ताम्रपट याच किनाऱ्यावरचा. आणि तिसरा पुरावा, श्रवणबेळगोळची ओळ, ती तर कानडी मुलखातली. तेथे चामुंडरायाने मूर्ती करविल्याची एकच गोष्ट कानडीत, तमिळमध्ये आणि मराठीत सांगितली आहे. का? यात्रेकरू तिन्ही भाषांचे होते म्हणून.

आमचे अनुमान असे. अनुमानच आहे, सिद्धांत नव्हे. आपल्याच माणसांत बोलायला भाषा पुरते. ती दगडावर नेण्याची निकड अनोळखी माणसे जमतात तेथे फार असते. जत्रेत आणि बंदरात. जमीन, धान्य, जकात, देवस्थान यांविषयी उद्या भांडण झाले तर ज्या भाषेत ते भांडले जाईल, त्याच भाषेत आज लिहून ठेवावे लागते. यावर लगेच आक्षेप येईल, आणि आम्ही आपसांत तो घेतलाही. 'लीळाचरित्र' ऋद्धिपूरला लिहिले गेले, 'ज्ञानेश्वरी' १२९० मध्ये नेवाशाला. तेथे कुठले आले बंदर? आक्षेप बिनतोड आहे. भाषेला ग्रंथ देणारी निकड निराळी, ती आतून येते. दस्तऐवजाची मराठी आणि अंतःकरणाची मराठी यांची गावे वेगळी असू शकतात. आम्ही मात्र एकीचा दगड दुसरीच्या आरंभी पायरीसारखा ठेवून शिकवत आलो.

या विचारात असताना आम्हांला डाम आठवले. फ्लँडर्समधले, आज बेल्जियममध्ये असलेले हे इवलेसे गाव ब्रुजेस या श्रीमंत नगराचे बाहेरचे बंदर होते. ११३४ च्या वादळी पुराने समुद्राचा एक फाटा, झ्वीन, आत घुसला आणि त्याच्या काठी डाम उभे राहिले. पुढे तो फाटा गाळाने भरला आणि डाम समुद्रापासून तुटले. तेराव्या शतकात तेथे याकोब फान मार्लांट नावाचा कवी राहत होता. लॅटिन येत असून त्याने इतिहास, निसर्गविद्या, धर्मकथा सामान्य नागरिकांच्या डच भाषेत आणल्या. तो आपल्या ज्ञानदेवांचा समकालीन. डामच्या नगरभवनासमोर त्याचा पुतळा आहे आणि १९९७ पासून ते गाव पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. म्हणजे गाळात रुतलेल्या बंदराने आपली ओळख शेवटी भाषेतच शोधली. चौलला असा मार्लांट लाभला नाही. त्याला मिळाले ते प्रवासी आणि तोफा.

तोफांचा इतिहास थोडक्यात सांगतो. तो सगळीकडे मिळतो. १५०८ मध्ये येथल्या समुद्रात इजिप्त आणि दीवच्या आरमाराने पोर्तुगिजांचा पराभव केला. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने त्याला वेढा घातला, पण तो पडला नाही. १७४० मध्ये तह होऊन तो मराठ्यांकडे आला. तोवर मुंबई वर येत होती. व्यापारी, विणकर, कारागीर तिकडे सरकले. खाडीही उथळ होत गेली. आज रेवदंड्याचा कोट गावाला वेढून आहे, रस्ता त्याच्या दरवाज्यातून आत शिरतो, आणि सातखणी मनोऱ्याच्या पायथ्याशी पोफळी वाढतात.

प्रवाशांपैकी अफनासी निकितिन सांगायलाच हवा. रशियातल्या त्वेरचा हा व्यापारी १४७० च्या आसपास एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. तेथे खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्मांतराची अट घातली. मोठ्या मिनतवारीने तो सुटला. रेवदंड्यात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. आम्हांला मोह पडतो तो त्याच्या भाषेचा. रशियनमध्ये लिहिता लिहिता तो मध्येच बंदराबंदरांवर उचललेल्या तुर्की-फारसी-अरबी मिसळीत शिरतो. मनातले, लपवायचे, देवाला सांगायचे बरेचसे त्या परक्या मिसळीत.

आणि अशी मिसळ अजून जिवंत आहे, हे आम्हांला पुस्तकातून माहीत होते. कानांनी ऐकले ते पुलाच्या पलीकडे. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे, कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी, ख्रिस्ती वस्तीत एक बोली बोलली जाते. बोलणारे स्वतः तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. शब्द बहुतांश पोर्तुगीज, पण वाक्य मराठीच्या वळणाने चालते. क्रियापद शेवटी येते. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अभ्यासकाने १९९६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये गेली आणि तिची भाषा एका कोळीवाड्याशेजारी मराठी व्याकरण पांघरून राहिली. आपण मराठीत पगार, चावी, लिलाव, बादली घेतली आणि विसरलो; या लोकांनी आपला वाक्यक्रम घेतला आणि ते मात्र काही विसरले नाहीत. दोन बायका दारात बसून बोलत होत्या. लय ओळखीची, शब्द एकही नाही. आम्ही थांबलेले पाहून त्यांनी लगेच स्वच्छ रायगडी मराठीत विचारले, "कोणाकडं आलाव?"

परतताना पुन्हा अक्षीला उतरलो. दगडाजवळच एक बाई शहाळी विकत होती. आम्ही वहीत काही टिपून घेतो आहोत असे पाहून तिने विचारले, "मास्तर, काय लिवलंय त्याच्यावर?" आम्ही सांगू लागलो, की राजाच्या प्रधानाने देवीला धान्य दान दिले. वीस वर्षे हेच सांगितले होते. मग आमच्यातल्या एकाने पुस्तकात पाहून म्हटले, "बोडणासाठी."

"मग असं सांगा ना," ती म्हणाली. "बोडण कुठं दान असतं?" आणि तिने आम्हांला समजावले. सवाष्णी आणि एक कुमारिका बसते, परातीत देवी ठेवतात, पुरणावरणाचा नैवेद्य पंचामृतात कालवतात, देवीला काय हवे ते कुमारिकेला विचारतात, ती म्हणेल ते परातीत घालतात. वरच्या आळीत एक घर अजून दरवर्षी भरते. तेथे ही नारळ पोचवते. मराठवाड्यातल्या आम्हां दोघांच्या घरांत हा विधी नाही. आम्ही त्या शब्दाचा अर्थ कोशात पाहिला होता की नाही, हेही आता आठवेना.

तिने शहाळी फोडली. आम्ही वही पुन्हा उघडली आणि तिला म्हणालो, पहिल्यापासून सांगा, आधी कोण बसते?