लागर, मोह आणि धरणगाव

१/ गेल्या मे महिन्यात म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने एक छायाचित्र पाठवले. तळघरात ठेवलेला काचेचा मोठा बुधला, आत सोनेरी द्रव, वर फेस. त्याने प्रथमच घरी लागर बिअर तयार केली होती. धरणगावात त्या दुपारी अंगणात पाऊल ठेववत नव्हते. आजचा धागा त्या छायाचित्रातून निघाला आहे.

२/ 'लागर्न' या जर्मन क्रियापदाचा अर्थ साठवणे. मोड आणून वाळवलेले सातू भरडून सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात भिजवतात, उतरलेला गोड रस हॉप्सच्या फुलांसह उकळतात, निववतात आणि त्यात यीस्ट मिसळतात. लागरचे यीस्ट साधारण ८ ते १३ अंशांत संथपणे काम करते. त्यानंतर ही बिअर कित्येक आठवडे जवळजवळ गोठणबिंदूवर मुरते.

३/ या थंडीमागेही कायदा आहे. उन्हाळ्यात बिअर नासते म्हणून बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास मनाई झाली. हिवाळी बिअर थंड तळघरांत साठवण्याची रीत त्यामुळे अधिक रुजली. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्राने ऋतूचे बंधन सैल केले.

४/ मी विचारले, "दादा, आपल्याकडे जमेल का?" तो म्हणाला, "फ्रिज मिळेल. कायद्याचं काय?" ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तिला मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याविना घरी मद्य बनवणे हा गुन्हा आहे. विषय तिथेच संपला.

५/ हा किस्सा मी वर्गात रंगवून सांगितला. सगळे हसले. चोपडा तालुक्यातील एका भिल्ल कुटुंबातली माझी वर्गमैत्रीण तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "तुझा भाऊ करतो तो छंद. माझ्या आजीने केलं तर तिच्यावर केस झाली." मला उत्तर सुचले नाही.

६/ तिची आजी मोहाची दारू गाळत असे. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले गळतात. ती वेचून वाळवायची, पाण्यात काही दिवस आंबवायची, मग मडक्यात तापवून वाफ थंड करायची. बिअर केवळ आंबवतात, ही गाळतात. हा फरक महत्त्वाचा आहे. परंतु साखरेचे मद्य करणारे यीस्ट दोन्हीकडे राबते. देवाला धार, लग्न, मर्तिक अशा प्रसंगी ही दारू लागे.

७/ आता धरणगाव. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभारण्यास घेतली आणि धरणगाव तिचे ठाणे झाले. माझा लघुप्रबंध याच पलटणीवर आहे. वर्षभर मी गणवेश, पगार आणि शिकारींच्या नोंदी वाचत होतो. त्या शिपायांच्या घरी काय शिजत होते, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

८/ पुढे १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. सरकारमान्य भट्ट्या, मक्तेदारांची दुकाने आणि प्रत्येक थेंबावर कर, अशी व्यवस्था मुंबई इलाख्यात टप्प्याटप्प्याने बसवण्यात आली. घरचे गाळप चोरटे ठरले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी तर १८९२ मध्ये मोहफुलांवरच स्वतंत्र कायदा झाला. जे झाडाखाली फुकट मिळे, ते दुकानातून विकत आणि बहुधा उधारीवर घ्यावे लागले.

९/ मात्र 'आदिवासींची दारू हिरावली' एवढ्यावर ही गोष्ट थांबत नाही. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली 'देवी'ची लाट डोंगरी मुलुखातून दक्षिण गुजरात आणि पश्चिम खानदेशात पोहोचली. अंगात आलेल्यांच्या मुखातून आज्ञा होई: दारू सोडा, रोज स्नान करा. डेव्हिड हार्डिमन यांनी यात दारूच्या मक्तेदारांविरुद्धचा प्रतिकार पाहिला आहे. १९३० च्या दशकाअखेरीस तळोदा भागात गुला महाराजांच्या चळवळीतही दारूत्यागावर भर होता.

१०/ म्हणजे दारू सोडणारे आणि दारूपायी खटला भोगणारे, दोघेही त्याच समाजातले. दारूने मोडलेली घरे मीही गल्लीत पाहिली आहेत. तिचा गौरव मला करायचा नाही. पण स्वतः ठरवून सोडणे आणि शिपायाने मडके फोडणे, यांत फार अंतर आहे.

११/ मैत्रिणीच्या आजी आता थकल्या आहेत. नाव छापायचे नाही, या अटीवर त्यांनी मला बोलावले आहे. लघुप्रबंधात एक प्रकरण वाढेल. मार्गदर्शकांना अजून सांगितलेले नाही.

१२/ आपल्या घरी वा गावी अशी आठवण असेल, तर आजी-आजोबांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. दप्तरात खटल्याची नोंद राहते. मडके कोणत्या लग्नासाठी चढवले होते, हे तिथे कुणी लिहीत नाही.