कुणाचे नाव झाकावयाचे?

दिवाळी सरली, की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. आईबाप कारखान्याच्या वाटेला लागतात. मागे कितीतरी मुले आजीपाशी, हंगामी वसतिगृहात अथवा निवासी शाळेत राहतात. अशा विश्वासाने सोपविलेल्या बालकावर रक्षकानेच अत्याचार केला, तर त्या घराला आधी भय वाटते ते बोभाट्याचे. एस.टी.तून उतरून कोर्टाच्या आवारात कोण गेले, हे दिवस मावळण्यापूर्वी पारावर पोहोचलेले असते.

हे भय कायद्याला ठाऊक आहे. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याचे कलम २३ प्रसारमाध्यमांना बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर, काहीही उघड करू देत नाही. ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनाही बजावले, की नाव असलेली कागदपत्रे शक्यतो मोहोरबंद ठेवावीत. कठुआ येथील मृत बालिकेचे नाव छापणाऱ्या वृत्तसंस्थांना दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी प्रत्येकी १० लाख रुपये भरावयास लावले. ती रक्कम पीडितांच्या भरपाई निधीत गेली.

भरपाईसाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही, हे फार थोड्या घरांना माहीत असते. २०२० च्या नियमांनुसार विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम रक्कम मंजूर करू शकते, आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यावयाची असते. आरोपी सापडला नाही, सुटला, तरीही भरपाईचा मार्ग बंद होत नाही. पैसे मागितले म्हणजे गाव जाणणार, या धास्तीने जे घर अर्जच करीत नाही, त्याच्यासाठी गोपनीयतेचे कलम हा खरा आधार आहे.

मात्र या पडद्याआड आणखी कुणी उभे राहू पाहते. शाळेचे नाव झाकले जाते ते मूल ओळखू येऊ नये म्हणून. संचालक मंडळींना ते आपल्या प्रतिष्ठेचे कवच वाटू लागते. ‘संस्थेची बदनामी नको’ हे वाक्य आपल्याकडे किती सौम्य स्वरात उच्चारले जाते! त्याच कायद्याचे कलम २१ सांगते, की हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मौन वृत्तपत्रापुरते आहे, पोलीस ठाण्यापुरते नव्हे.

पडदा उलटा पडला तर काय होते, ते आयर्लंडने पाहिले. तेथील निवासी संस्थांत छळ सोसलेल्यांसाठी २००२ साली भरपाईचा कायदा झाला. परंतु अर्ज वा मिळालेली रक्कम यांची अशी माहिती प्रसिद्ध करणे, की जिच्यावरून संबंधित व्यक्ती वा संस्था ओळखता येईल, हा गुन्हा ठरला. पैसे हाती आले आणि तोंडाला कुलूप लागले, अशी अनेक वृद्ध पीडितांची व्यथा आहे. ज्यांनी छळले त्यांचे नाव झाकण्याची जबाबदारीही छळ सोसणाऱ्यावरच आली.

आपल्याकडे निपुण सक्सेना निकालाने निराळी वाट ठेवली आहे. प्रौढ पीडित व्यक्ती स्वेच्छेने, समजून-उमजून, लेखी संमती देऊन आपले नाव प्रकट करू शकते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत अल्पवयीनाच्या भरपाईतील ८० टक्के रक्कम मुदत ठेवीत राहते आणि एरवी सज्ञान झाल्यावरच हाती येते. बँकेत पहिली सही करावयास गेलेल्या त्या तरुण मुलीला आपली कहाणी सांगावीशी वाटली, तर वसतिगृहाचे विश्वस्त तिला थांबविण्यास येतीलही. परवानगी मात्र तिने त्यांच्याकडे मागावयाची नाही.