विमानतळावरील वेस

पाहुण्याला कुठवर पोचवावे, याची हद्द आपल्या पूर्वजांनी घालून दिली होती. गावाची वेस ओलांडली, की पोचविणाऱ्याने माघारी फिरावे. हैदराबादेतील मराठी घरांची ही वेस मात्र गेल्या शतकात वारंवार सरकली.

एके काळी ती काचीगुड्याच्या फलाटावर होती. १९१६ साली उभ्या राहिलेल्या त्या घुमटदार स्थानकातून मीटर गेजची गाडी नांदेड, परभणी, औरंगाबाद करीत मनमाडला जाई. फलाटाचे तिकीट काढले, की खिडकीतून शिदोरी आत देता येई आणि गाडी हलेपर्यंत हातात हात राही.

पुढे मुले दूर जाऊ लागली आणि वेस बेगमपेठेस गेली. हा विमानतळ निजामी राजवटीतला. १९४५ साली स्थापन झालेल्या डेक्कन एअरवेजचे हे घर. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. १९४९ च्या फेब्रुवारीत येथेच निजामाने सरदार पटेलांचे हात जोडून स्वागत केले. मुक्तिसंग्रामाची झळ सोसलेल्या आपल्या घरांतून ते छायाचित्र कोणी विसरलेले नाही.

त्या काळी आपल्या देशातील मोठ्या विमानतळांवर प्रेक्षकांसाठी उघडे सज्जे असत. तेथे उभे राहून माणूस शिडी चढताना दिसे. तोही वरच्या पायरीवर थांबून हात हलवी. मग १९७१ साली ‘गंगा’ विमान पळवून लाहोरला नेले गेले, १९८५ साली ‘कनिष्क’ आकाशात उद्ध्वस्त झाले, १९९९ च्या डिसेंबरात कंदाहार घडले. २००० सालापासून विमानतळांचे रक्षण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागले. सज्जे मिटले, दारे आवळली गेली. त्यात अन्याय काही नाही. परंतु निरोपाची जागा गेली, हेही खरे.

२३ मार्च २००८ पासून प्रवासी विमाने शमशाबादहून उडू लागली. तिकडे जाण्यास मेहदीपट्टणम्‌ ते आरामघर असा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा उन्नत मार्ग २००९ साली झाला. त्यास नरसिंह रावांचे नाव आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ तेलुगूत नेणारे हेच ते पंतप्रधान. या नव्या विमानतळाच्या रचनेत इमारतीबाहेर एक मोकळे आवार ठेवले गेले. न्यायला-आणायला येणाऱ्यांसाठी बसण्याची सोय आणि खाण्यापिण्याची दुकाने तेथे होती. ‘एअरपोर्ट व्हिलेज’ हे त्याचे नाव.

अमेरिकेस शिकायला निघालेल्या पुतणीला पोचवायला आम्ही सहाजण गेलो, तेव्हा त्या आवारात तासभर बसलो होतो. दख्खनच्या पठारावर दिवस कितीही तापो, संध्याकाळी वारा सुटतोच. आसपास तेलुगू, उर्दू, मराठी अशी सरमिसळ चालली होती. कोणी ट्रॉलीवरच्या पेटीला दोरी आवळीत होते. कोणाची आजी भिंतीला टेकून जपमाळ ओढीत होती. धावपट्टी इमारतीआड, दिसते ते उठून वर गेलेले विमान तेवढे. दाराशी जवानाने तिकीट व ओळखपत्र पाहिले, तेव्हा वहिनींनी आग्रह धरला, “जाते म्हणू नकोस, येते म्हण.” ती “येते” म्हणाली आणि आत गेली. हातावर दही घरीच घालून झाले होते. पण तो शब्द उच्चारायला उंबरठा लागतो, तो त्या दाराने दिला.

विमानतळ बांधणारे प्रवाशांची संख्या मोजतात. मागे राहणाऱ्यांची मोजणी कोण करतो? एका प्रवाशामागे चार-पाच माणसे येतात आणि रिकाम्या हातांनी परततात. त्यांच्यासाठी थोडी सावली, दोन बाके आणि वर आकाश एवढे पुरते. विमानतळ वाढत जातील, इमारती बदलतील. तेव्हा अशी जागा आखणाऱ्याच्या कागदावर राहावी, एवढीच मागणी. आपल्यालाही एक करता येईल. दारापाशी गाडी उभी करून घाईने पेट्या उतरवून देण्याऐवजी घरून तासभर लवकर निघावे. वेशीवर थोडा वेळ थांबण्याची रीत आपलीच आहे. ती जपायला कोणाची परवानगी लागत नाही.