‘तुमच्याशी’तला ‘शी’

अकोल्याच्या एका वाणिज्य पदवीधर मुलीने अमरावतीच्या सनदी लेखापालांकडे आर्टिकलशिपसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला : ‘आय वाँट टू मेक रिलेशन विथ यू.’ वडिलांनी वाचला, हसले नाहीत. मराठीतला ‘संबंध’ व्यवहाराला चालतो, सोयरिकीलाही. इंग्रजीत मात्र हे वाक्य भलतेच सुचवते. तेथे ‘बिल्ड अ प्रोफेशनल रिलेशनशिप’ हवे. पुढे ‘आय विल कॉन्टॅक्ट विथ यू’ होते. ‘तुमच्याशी’तला ‘शी’च ‘विथ’ होऊन उतरला होता. ‘कॉन्टॅक्ट यू’ एवढे पुरे. ‘विथ’ शोभतो तो ‘गेट इन टच विथ यू’मध्ये.

“ते आपल्या ओळखीचेच आहेत ना, बाबा?”

“माझ्या ओळखीचे, बेटा. तुझी ओळख या कागदाने होणार.”

तिने अर्ज पुन्हा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच अमरावतीची एस.टी. धरली.