ट्रकमधून आलेली खेळपट्टी

दोस्तांनो, शिरड शहापूरला सोयाबीन निघालं की रिकाम्या रानात स्टंप रोवले जातात, हो ना? पण ती पडली काळी माती! पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. भेगेवर टप्पा पडला की चेंडू कधी घोट्यापाशी सरपटतो, तर कधी थेट नाकाकडे उडी घेतो. मग काय, भांडणं! पण गंमत ऐका. जून २०२४ मध्ये अगदी असंच भांडण पार अमेरिकेत रंगलं होतं.

चला, तिथं जाऊ या. न्यूयॉर्क शहराला लागून नासाऊ नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखाच भाग. तिथल्या आयझेनहॉवर पार्कमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी काही महिन्यांत ३४ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उभं राहिलं. जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखं बरं का, जोडायचं आणि काम झालं की सोडायचं!

खुर्च्या जोडता येतात, पण खेळपट्टीचं काय? न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात गवत कुठून वाढणार? म्हणून ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या तज्ज्ञांनी दूर दक्षिणेकडे, उबदार फ्लोरिडात, मोठमोठ्या ट्रेमध्ये माती भरून खेळपट्ट्या तयार केल्या. मग वीसहून जास्त ट्रकांत लादून त्या दीड हजार किलोमीटरहून लांब आणल्या आणि मैदानात बसवल्या.

पण माती काही नटबोल्टनं बसत नाही! तिला पाणी, रोलर, ऊन आणि भरपूर वेळ लागतो. ३ जूनला पहिल्याच सामन्यात श्रीलंकेचा डाव ७७ धावांत आटोपला. ५ जूनला रोहित शर्माच्या दंडावर चेंडू आदळला. ९ जूनला भारत ११९ धावांत बाद झाला, आणि तरीही पाकिस्तानला ६ धावांनी हरवलं! खेळपट्ट्या हव्या तशा एकसारख्या वागल्या नाहीत, हे आयसीसीनंही मान्य केलं.

१२ जूनला भारताची गाठ पडली अमेरिकेशी. त्यांचा डावखुरा गोलंदाज कोण? आपल्या मुंबईचा सौरभ नेत्रावळकर! २०१० मध्ये तो भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला होता. २०१५ मध्ये तो शिकायला अमेरिकेत गेला आणि पुढे सॉफ्टवेअर इंजिनियर झाला. मातीच्या खेळपट्टीवर खेळायला मिळावं म्हणून तो सुट्टीच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसपर्यंत तासन् तास गाडीनं जायचा. त्या दिवशी त्यानं कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं, आणि मग रोहितलाही! सामना मात्र भारतानं जिंकला.

लगेच स्टेडियम सोडायला सुरुवात झाली. अमेरिकेला क्रिकेट नवं, असं आपण म्हणतो. पण जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना न्यूयॉर्कमध्येच झाला होता, १८४४ साली, अमेरिका विरुद्ध कॅनडा! पुढे बेसबॉलनं तिथं क्रिकेटला मागे टाकलं. आता तो खेळ पुन्हा रुजतोय, तो सौरभसारख्या सुट्टीच्या दिवशी खेळणाऱ्यांमुळे.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घाई नको. आधी ढेकळं फोडा, पाणी शिंपडा, जड ड्रम फिरवा, वाळू द्या. पुन्हा शिंपडा, पुन्हा फिरवा. आठवडा जाईल, जाऊ दे. भांडणं तरी कमी होतील!