एकच सावली

कुडाळहून पिंगुळी जवळच. तेथील गुढीपूरच्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. सावंतवाडी संस्थानचा या कलांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात त्यांचे संग्रहालय उभारले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ते संग्रहालय पाहून परतलेल्या अकरा वर्षांच्या नातवाला घरी पडदा हवा होता. कापडदुकानदार आजोबांनी दोन वार मांजरपाट काढून दिले. मारुती पुठ्ठ्याचा कापला; चामडे या घरात येणे शक्यच नव्हते. प्रश्न उरला दिव्याचा. पडद्यामागे पूर्वी तेलाचा दिवा असे. पण पावसाळ्याच्या रात्री उघड्या ज्योतीवर पाखरे झेपावतात, म्हणून आजोबांनी समईला नकार दिला.

नातवाने पांढरा एलईडी आणला आणि थेट ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला जोडला. क्षणभर लखलखाट, मग अंधार. एलईडीची भूक तीन व्होल्टच्या आसपास. त्यापुढे थोडासाही जास्त दाब दिला की प्रवाह बेसुमार वाढतो. वाटेत रोध, म्हणजे रेझिस्टर, घालावाच लागतो.

दुसऱ्या खेपेस तीन पेन्सिल सेल एकापुढे एक लावून साडेचार व्होल्ट केले. एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे, आखूड पाय ऋण टोकाकडे आणि मध्ये १०० ओहमचा रोध. वरचे दीड व्होल्ट रोध गिळतो. दीड भागिले शंभर, म्हणजे पंधरा मिलिअँपिअर प्रवाह. वीस मिलिअँपिअर सोसणाऱ्या दिव्याला तो मानवतो. ‘तीन रुपयांच्या मालावर एक रुपया हमाली!’ आजोबा कुरकुरले. नऊ व्होल्टवर तर ही हमाली दोन रुपये पडली असती, हे कळल्यावर मात्र ते गप्प झाले.

उजेड कमी वाटला म्हणून नातवाने शेजारी शेजारी सहा दिवे लावले, प्रत्येकाला स्वतंत्र रोध. पडद्यावर सहा मारुती उभे राहिले. प्रत्येक दिवा आपली वेगळी सावली पाडीत होता आणि एकीचा काळेपणा दुसऱ्याच्या उजेडात विरत होता. घरात हसू उसळले; मुलगा मात्र रडवेला झाला. उद्या शेजारची मुले खेळ पाहायला येणार होती.

आजोबांनी पाच दिवे काढायला लावले. एकाच ठिपक्यातून आलेल्या उजेडात मारुतीची शेपटीसुद्धा कातरल्यासारखी रेखीव उमटली आणि पुतळा दिव्याकडे नेला तशी आकृती छतापर्यंत वाढली. तरीही काहीतरी उणे होते. ज्योत हलते, तिच्याबरोबर सावलीही श्वास घेते. एलईडी मात्र निश्चल.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला तेव्हा लंका जळू लागताच आजोबांनी दिव्याची पट्टी बोटांत धरली आणि हलकेच थरथरवली.