गवती चहाच्या तेलास अनावृत पत्र

पोलादपूर, जि. रायगड

प्रिय तेला,

तुझी आमची ओळख जुनी, पण ती आधणापुरती. पावसात सर्दी झाली की परसातली चार पाती खुडायची आणि आल्याच्या तुकड्याबरोबर उकळायची. महाड-पोलादपूरकडे न्हाणीच्या पाण्यावर गवती चहाचं बेट पोसलेलं नाही असं घर क्वचितच सापडेल. आता मात्र तुझं नाव वेगळ्याच कामासाठी ऐकू येतं: पिकांच्या मुळांत शिरणाऱ्या सूत्रकृमीचा बंदोबस्त. ओवा, लवंग, दालचिनी, रोशा गवत ही तुझी भावकीही त्या यादीत आहे. म्हणून हे पत्र. स्वागताचंच आहे, पण काही अटी घालून.

आधी तुझी गाठ कोणाशी आहे ते सांगतो. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचं पिल्लू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. त्याच्या तोंडात टोचायची सुई असते. मुळाच्या कोवळ्या टोकातून ते आत शिरतं, एक जागा धरतं, आसपासच्या पेशी फुगवतं आणि त्यांच्यावरच जगतं. मादी जागेवरून हलत नाही. चिकट पुंजक्यात तीन-चारशे अंडी घालते. माती उबदार असली की महिन्याभरात पुढची पिढी तयार. वर दिसतं ते एवढंच: काकडीचा वेल भर दुपारी माना टाकतो, संध्याकाळी सावरतो, मग हळूहळू पिवळा पडतो. आम्ही म्हणतो, पाणी कमी पडलं. कोणी युरिया टाकतो. वेल उपटल्यावरच कळतं की मुळं हळकुंडासारखी गाठाळली आहेत.

त्यातही आमच्याकडे एक घोटाळा ठरलेला. भात कापलं की राहिलेल्या ओलीवर आम्ही वाल पेरतो. वालाच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नत्र देणाऱ्या जिवाणूंच्या, हिताच्या. त्या मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात, नखाने ओढल्या की सुटतात आणि फोडल्यावर आत लालसर दिसतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथे मूळच सुजलेलं असतं. हा फरक ज्याला माहीत नाही, तो रोग नसताना औषध ओतेल, नाहीतर रोग असताना वाल छान पोसलाय म्हणून खूश होईल.

तुझ्याआधी या कामावर जे होते त्यांची हकिकत फारशी बरी नाही. डीबीसीपी नावाचं औषध सूत्रकृमीवर जालीम होतं. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात ते बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार वंध्य झाल्याचं उघड झालं. मिथाइल ब्रोमाइडने ओझोनचा थर विरळ होतो म्हणून माँट्रियल करारानुसार मोजके अपवाद सोडून विकसित देशांनी 2005 पर्यंत आणि विकसनशील देशांनी 2015 पर्यंत त्याचा शेतातला वापर थांबवायचं ठरलं. आपल्याकडे मातीत सर्रास टाकलं जाणारं फोरेट, म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचं थायमेट, 2018 च्या आदेशानुसार 2020 च्या अखेरीस बंद झालं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत आणि आमच्याच घरची पोरं तिथे पाळ्या करतात. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या कामगारांची गोष्ट आम्हाला लांबची वाटत नाही. नवा उपाय हवा आहे, हे आम्हाला कोणी पटवून द्यायला नको.

आणि तुझ्यात दम आहे, हेही कबूल. तुझ्यातलं सिट्रल, रोशा गवतातलं जेरानिऑल, लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल ही सगळी सूत्रकृमीला भोवणारी द्रव्यं म्हणून तपासली गेली आहेत. इस्रायलमधल्या संशोधकांनी 2000 साली 27 सुगंधी वनस्पतींच्या तेलांची परीक्षा घेतली. पाण्यात हजार भागांना एक भाग या प्रमाणात त्यातल्या 12 तेलांनी 80 टक्क्यांहून जास्त पिल्लं निपचित पाडली. बहुतेकांनी अंडी फुटणंही रोखलं. निवडक तेलं वाळूसर मातीच्या कुंड्यांत किलोमागे 100 ते 200 मिलिग्रॅम मिसळली, तेव्हा काकडीच्या रोपांवरच्या गाठी कमी झाल्या. प्रयोगशाळेच्या बशीत जिंकणारे पुष्कळ असतात; कुंडीतही टिकलं, ही मोठी गोष्ट.

आता तेच माप आमच्या शेताला लावून बघू. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. वरची 15 सेंटिमीटर माती धरली तर तिचं वजन साधारण 20 टन भरतं. किलोमागे 100 मिलिग्रॅम म्हणजे गुंठ्याला 2 किलो तेल. 200 धरलं तर 4 किलो. शंभर किलो ओल्या पातीतून तू निघतंस तीनशे-चारशे ग्रॅम. म्हणजे एका गुंठ्यासाठी अर्ध्या टनापासून सव्वा टनापर्यंत गवत कापायचं, भट्टी लावायची, वाफेवर तेल काढायचं. एकराला 80 ते 160 किलो तेल. एवढं तेल ज्याला परवडतं, त्याला शेती करायची गरज नाही. शिवाय ती माती वाळूसर होती. आमच्या चिकणमातीत आणि शेणखतात तू चिकटून बसशील, सूत्रकृमीपर्यंत पोचायला आणखी जास्त लागशील. तू उडून जातंस ते वेगळंच, आणि पाण्यात तर मिसळतच नाहीस. पाती उकळून गार पाणी मुळाशी ओतलं की काम झालं, असं समजणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

म्हणून पहिली अट: शिवारभर येऊ नकोस, आळ्यात ये. काकडी, पडवळ, कारली, शिराळी आम्ही आळी करून लावतो. आळ्यातली 10 किलो माती धरली तर त्याच मापाने लागतं फक्त 1 ते 2 ग्रॅम. वांगी-मिरचीच्या रोपांच्या वाफ्यातही ये, कारण गाठाळलेलं रोप एकदा विकत आणलं की रोग आयताच आपल्या शेतात येतो. जागा थोडी, माती थोडी, पीक नगदी. तिथेच तुझा हिशोब बसू शकतो.

दुसरी अट वेळेची. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैत तुला मातीत घालणं म्हणजे पैसे ओढ्यात सोडणं. शिवाय इथला ओढा सावित्री नदीलाच मिळतो. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल मासे गुंगवायला वापरतात, हे मत्स्यशाळेतल्या कोणालाही विचारावं. झाडातून आलं म्हणून निरुपद्रवी, हा भोळेपणा आम्हाला नको. ज्या ओव्याच्या तेलाने जिवाणू मरतात, ते वालाच्या मुळावरच्या जिवाणूंना सोडेल का, याचंही उत्तर हवं. आणि बी पेरून वर तुझा मारा केला तर बी रुजणारही नाही. तेव्हा यायचं ते पाऊस ओसरल्यावर, लावणीच्या आधी काही दिवस.

तिसरी अट अशी की इथे आधीपासून राबणाऱ्यांचा मान ठेव. भाताच्या रोपांची दाढ भाजायची आमची रीत तुला ठाऊक असेल: शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून उन्हाळ्यात राब जाळायचा. तण जळतं तसे वरच्या थरातले किडेही जळतात. गुजरातेत तंबाखूच्या रोपवाटिकेत सूत्रकृमीसाठी हाच उपाय सांगितला जातो. राबासाठी झाडं ओरबाडली जातात, धूर होतो, हे खरं. म्हणूनच एप्रिल-मेच्या उन्हात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक चार-सहा आठवडे ताणून बसवणं अधिक शहाणपणाचं. भाताच्या खाचरात पाणी उभं असलं की भाताच्या मुळांवर आकडेबाज गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला आत शिरता येत नाही. बांध नीट ठेवणं हेही औषधच. झेंडूच्या मुळांतून पाझरणारं द्रव्य सूत्रकृमीला मारतं, पण दोन ओळी शोभेला लावून भागत नाही, तो वाफाच आधी झेंडूचा करावा लागतो. निंबोळी पेंड खतही देते आणि सूत्रकृमीलाही आवरते. या सगळ्यांना बाजूला सारून तू एकटं काही करशील, असं सांगणारा माणूस शेतकरी नसून विक्रेता असणार.

चौथी अट कागदाची. पिकाचं औषध म्हणून विकायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. युरोपात थायमॉल आणि जेरानिऑल यीस्टच्या पोकळ कवचात भरून मातीत हळूहळू सुटतील अशी तयार औषधं आली आहेत. त्यांच्यावर प्रमाण लिहिलेलं असतं. तूही तसंच ये. ‘टॉनिक’ किंवा ‘शंभर टक्के सेंद्रिय’ अशी चिठ्ठी लावून, घटक न सांगता, बाजाराच्या दिवशी गाडीतून येऊ नकोस.

शेवटचं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे. कर्जतला त्याचं संशोधन केंद्र आहे, रोह्याजवळ किल्ला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांच्या देखरेखीखाली आमच्या लाल मातीत एकदा उतर. मांडवाखाली आळी करू: काही तुझी, काही निंबोळी पेंडीची, काही दोन्हींची, काही नुसती. हंगाम संपला की वेल उपटू, मुळं धुऊ आणि सगळ्यांसमोर गाठी मोजू. पेंडीच्या आळ्यापेक्षा तुझ्या आळ्यात गाठी कमी निघाल्या, तरच पुढचं बोलणं भावाचं.

तुझा,
वाल-काकडी लावणारा एक शेतकरी